उपकारस्तुतीची साक्ष

दोऱ्याचं टोक काही सापडेना. पांढऱ्या कापडावर पांढरी शिलाई, त्यात खिडकीतलं ऊन नेमकं बाहीवर पडलेलं — सुवार्तानं शर्ट उलटा केला, पुन्हा सुलटा केला, बोटानं शिवण चाचपली आणि ब्लेडचं अर्धं पातं चिमटीत धरून तशीच बसून राहिली. बाही मनगटापासून काखेपर्यंत उसवायची, म्हणजे तुषारचा प्लास्टरमधला हात आत जाईल, मग वरून चार कच्चे टाके घालायचे. एवढंच काम. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला, गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ, आणि आज एक बाही उसवेना. चहा झाला नाही म्हणून असेल, ती स्वतःशी म्हणाली. चहा दोनदा झाला होता, हेही तिला ठाऊक होतं.

अंगणात मांडवाचे बांबू आपटत होते. सुनील, तिचा नवरा, देवळातून आणलेल्या सतरंज्या झटकून घेत होता — चर्चला या वस्तीवरची जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात — आणि त्या धुळीतूनच आचाऱ्याला ओरडून सांगत होता, की रश्श्यात तिखट बेतानं टाका, पाळकसाहेबांना पित्त आहे. आज संध्याकाळी घरी उपकारस्तुती होती. देवानं संकटातून वाचवलं की त्याचे आभार मानायला माणसं बोलवायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, मग ज्याला वाचवलं त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं उठून साक्ष द्यायची, देवानं माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं... आणि मग जेवणं. लहानपणापासून तिनं कितीतरी साक्षी ऐकल्या होत्या. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाचा हरवलेला मुलगा मनमाडच्या स्टेशनवर सापडला. ऐकताना ती रडायचीसुद्धा. तिचे वडील तिसगावला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. ते म्हणायचे, साक्ष लांबवायची नाही, आणि रंगवायची तर मुळीच नाही.

आज साक्ष तिची होती.

"तूच दे," सुनील म्हणाला होता. "आईचं बोलणं लोकांच्या काळजाला भिडतं." खरं तर सुनीलला बोलायची हौस दांडगी. त्याची प्रार्थना म्हणजे एस.टी.ची लाल गाडी, प्रत्येक फाट्यावर थांबत जाणारी: आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं, तालुक्याचे अधिकारी, कोणी सुटत नाही. असा माणूस आपण होऊन मागं सरकला, तेव्हाच तिला कळलं की त्यालाही ते तोंडातून काढता येणार नाही.

ते म्हणजे काय, हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं.

बाजाराचा दिवस होता. तुषार घोडेगावहून मोटारसायकलवर परत येत होता, आणि बाबाजानचाचा, पलीकडच्या आळीतले, आपल्या दोन शेळ्या घेऊन पायी घरी निघाले होते. धडक झाली. तुषारचा हात मोडला. म्हाताऱ्याचा खुबा मोडला, डोक्याला मार लागला, ते जागेवरच बेशुद्ध पडले. दवाखान्यात हवालदार आला तेव्हा तुषार इंजेक्शनच्या गुंगीत होता, आणि सुनीलनं — तिथं नसलेल्या, काहीही न पाहिलेल्या सुनीलनं — सांगून टाकलं, की शेळी सुटली, आडवी आली, तिच्यामागं म्हातारा आला, पोरगं काय करणार. इतकं सगळं कुणी विचारलंही नव्हतं. हवालदारानं लिहून घेतलं. गोळा झालेल्या माणसांनी माना हलवल्या, कारण शेळ्या आडव्या येतातच. आणि दिवस मावळेपर्यंत गावात असेही लोक तयार झाले, ज्यांनी ती शेळी सुटताना आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या रुमालानं तुषारचं तोंड पुसत होती, तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, शेळी नव्हती सुटली. मी मोबाईल बघत होतो. चाचा साइडपट्टीवरून चालले होते, त्यांच्या बाजूनं." एवढं बोलून त्यानं डोळे मिटून घेतले, लहानपणी कडू औषध घेतल्यावर मिटायचा तसे. आणि ती पुसून झालेलं तोंड पुन्हा पुसत राहिली... काहीतरी बोल, असं त्याला वाटत असणार. मी म्हणाले, "झोप." तेवढंच आलं तोंडातून. वाटलं, आत्ता झोपू दे, बरा होऊ दे, मग बघू — आणि ते मग काही आलं नाही, तोवर मांडवाचे बांबू आले.

कारण तुषारची पोलीस भरतीत निवड झाली होती. पहाटे उठून माळावर पळायचा, घाम पुसत येऊन उभ्यानंच दूध प्यायचा, एकदा नापास होऊन आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता... आता हात बरा झाला की ट्रेनिंग, आणि त्याआधी चारित्र्याची पडताळणी. नावावर गुन्हा लागला की सगळं तिथंच संपलं. हे ती रोज मनात म्हणून बघायची. गुन्हा लागला की संपलं. आणि लगेच दुसरं मन विचारायचं, गुन्हा लागला की? झाला तेव्हा नाही?

गेल्या रविवारी देवळात प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याचा विधी. ज्याच्या मनात कुणाविषयी काही अडलेलं आहे त्यानं आधी जाऊन ते मोकळं करावं आणि मगच त्या ताटाला हात लावावा, हे तिनं नुसतं ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं: तिसगावला एकदा भर उपासनेत वडील पुलपिटावरून खाली उतरले, चपला घालून शेजारच्या केशरबाईंच्या घरी जाऊन आले, आणि तोवर सगळी मंडळी गाण्यामागून गाणी म्हणत बसली. भांडण कसलं, तर मोरीच्या सांडपाण्याचं. सुवार्ताला तेव्हा इतकी लाज वाटली होती, की आपला बाप असा कसा, सोमवारी गेला असता तर काय बिघडलं असतं... गेल्या रविवारी भाकरीचे तुकडे असलेलं ते ताट तिच्यासमोर आलं, आणि तिनं ते हात न लावता शेजारच्या आक्काबाईकडं सरकवलं. पुरुषांच्या बाजूला सुनीलनं तुकडा घेतला. ती बघत होती. त्यानं तो चावला नाही, गिळला. तिला त्याचा संताप आला. आणि मग त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली येताना पाहिली, तेव्हा त्याची अशी दया आली की तिला मान दुसरीकडं वळवावी लागली.

"झाली का बाही?"

तुषार दारात उभा होता. गळ्यात अडकवलेला हात, दाढी केलेली. पप्पांनी करून दिली असणार, हनुवटीखाली कापलं होतं.

"होतेय."

तो आत आला, यंत्राच्या टेबलाला टेकून उभा राहिला. "मम्मी, तू काय बोलणार आहेस?"

"तू काय म्हणतोस?"

"पप्पा म्हणतात, देवानं वाचवलं एवढंच म्हण. ते काही खोटं नाही ना." मग जरा थांबून, "तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी हनुवटीखालच्या कापल्या जागेवर तुरटी फिरवावीशीही वाटली. खोटं नाही, अगदी बरोबर. देवानं वाचवलं. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तेवढेच शब्द बोलले तर सगळंच्या सगळं खोटं. कुणाला वाचवलं? कशापासून? का माझ्या पोराला अलगद बाजूला काढायचं म्हणून देवानं त्या म्हाताऱ्याला मधे घातलं? असल्या देवाचे मी आभार मानू? वडील असते तर... पण वडील असते तर ते चपला घालून केव्हाच निघाले असते, आणि त्यांचं काय, त्यांचा वाद सांडपाण्याचा होता.

ब्लेडखाली एक टाका तुटला. मग दुसरा. तुषार तिच्या हातांकडं बघत उभा होता, आणि मग निघून गेला.

दुपारी आक्काबाई लसूण सोलायला आल्या, त्यांच्या पाठोपाठ जहिरा. जहिरा म्हणजे बाबाजानचाचांची सून, त्यांच्या इम्रानची बायको. तिचे ड्रेस सुवार्ताच शिवायची. अपघातानंतर ती या घरात आली नव्हती. आज आली ती उंबऱ्याशीच थांबली.

"बसत न्हाई, ताई. अब्बांनी धाडलं. आक्काबाई म्हनल्या, सांच्याला तुमची साक्ष हाय."

"हो, आहे."

"मंग अब्बांना पन यावं लागंल ना? ते म्हनत्यात, बाईच्या एकटीच्या साक्षीनं काय हुतंय, माजी पन घ्या म्हनावं. पोराची नोकरी जायला नको. चूक माजी हाय, मी सांगतो समद्यांम्होरं."

आधी सुवार्ताला उमगलंच नाही. मग उमगलं... मांडव, सतरंज्या, येणारी माणसं हे सगळं जहिराला तंटामुक्तीच्या बैठकीसारखं काहीतरी वाटत होतं. पोलीस येणार, जबाब होणार. आक्काबाई लसणाची पाकळी हातात धरून खुदकन हसल्या. सुवार्तालाही हसू आलं, खरोखरीचं, आणि ते गालावरच वाळून गेलं.

"अगं, तशी साक्ष नाही ती. आमच्यात देवाचे आभार मानतात. देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं."

"शपथ घिऊन?"

"नाही गं. शपथ कसली?"

"मंग लोक खरं कशावरून धरत्यात?"

चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात. बाहीचा घेर किती ठेवणार, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. आक्काबाई म्हणाल्या, "देवाच्या नावानं बोलायचं आन् खोटं? आसं कुटं आसतंय व्हय बाई?" आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

"चाचा कसे आहेत?" सुवार्तानं विचारलं. विचारायचंच नव्हतं तिला.

"हायेत. काठी धरून संडासापत्तुर जात्यात. शेळ्या इम्राननं इकल्या. ह्येंचं म्हननं, म्हाताऱ्याच्या हातात जोर न्हाई ऱ्हायला, आज पोराला पाडलं, उद्या कुनाचा जीव घ्यायचा." जहिरानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अब्बा कायच बोलत न्हाईत. दिसभर दोरी हातात धरून बसत्यात. मूठ कवा ढिली पडती ते बघत्यात. त्यांना त्या दिसाचं कायच आठवत न्हाई ना, ताई. लोक सांगत्यात त्येच खरं."

चूल पेटली होती, धूर आत येत होता. नको म्हण, सुवार्ता स्वतःला सांगत होती, सांग की यायची गरज नाही, त्रास नको त्यांना, खुबा मोडलाय, खाली बसता येणार नाही... आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला: "सगळेच या. जेवायलाच या."

उपकारस्तुतीला दारात आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. एवढ्या जुन्या रीतीनं तिच्या तोंडातून ते काढून घेतलं होतं. का तिलाच ते बोलायचं होतं?

सुनील मागच्या बाजूला जळण फोडून घेत होता. तिनं सांगितलं. त्यानं आचाऱ्याच्या माणसाला पाण्याला पिटाळलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "तुला वेड लागलंय का? निरोप पाठव. म्हणावं, गर्दी आहे, नंतर डबा पाठवतो."

"ते माफी मागायला येतायत, सुनील. आपली."

"मला माहीत आहे ते काय करतायत!" त्याचा आवाज फुटला. "जबाब मी दिलाय. माझी सही आहे त्यावर. आता फिरलं तर मी खोटा ठरतो, तो गुन्हेगार ठरतो. मग घाल उपकारस्तुती." तो जळणाच्या ढिगावर बसला. सदऱ्याला भुसा लागला होता. "त्या वेळी मला काही सुचलं नाही गं. पोरगं पांढरं पडलं होतं. तो वही घेऊन उभा. मी बोलत गेलो." बराच वेळ तो हातातली ढलपी सोलत राहिला. "तू नुसतं आभार मान. बाकी माझं मी देवाशी बघून घेईन."

ती त्याच्या सदऱ्यावरचा भुसा झटकू लागली. वीस-बावीस वर्षं ज्याच्याबरोबर जेवले, ज्याच्या लांबलचक प्रार्थनेत भात निवताना पाहिला, तो माणूस मला कधी इतका माझा वाटला नव्हता आणि इतका एकटाही. देवाशी बघून घेईन... पण दोरी धरून बसलाय तो म्हातारा, सुनील. देवाला दोरी धरून बसावं लागत नाही. हे मी त्याला म्हणाले नाही. भुसा झटकून झाला आणि मी आत गेले.

संध्याकाळी माणसं आली. पेटी, ढोलकी, टाळ. बायका एका बाजूला, पदर सावरत, पोरं पुढं. इम्राननं रिक्षा अगदी मांडवापर्यंत आणली आणि बाबाजानचाचांना धरून उतरवलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा नेहरू शर्ट. जबाब द्यायचा म्हणून चांगले कपडे घातले असणार. मांडवात जरा कुजबूज झाली. पण पाळकसाहेब स्वतः उठले, त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन त्यांना बसवलं आणि मंडळीकडं वळून म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन आहे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळे किती चांगले होते, किती मनापासून चांगले, आणि त्या चांगुलपणाखाली तो म्हातारा आणखी दाबला जात होता.

ती पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडं गेली. जायला हवं होतं म्हणून गेली.

"पोरी," ते म्हणाले, "मला कायच आठवत न्हाई बग. बाजारातनं निगालो, यवढं ध्येनात हाय. मंग दवाखान्याचा पंखा." त्यांनी पाणी घेतलं नाही, तांब्या धरलेल्या तिच्या हाताकडं बघत राहिले. "तुजं पोरगं कसं हाय?"

"बरं आहे, चाचा."

"लई लागलं त्येला."

गाणी झाली. सुनीलनं प्रार्थना केली. आज त्याची गाडी एकाही फाट्यावर थांबली नाही. तीन-चार वाक्यांत आमेन. लोकांनी चकित होऊन डोळे उघडले. तुषार पुढं बसला होता, पांढऱ्या शर्टात, मान खाली घालून. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता आपली बहीण सुवार्ता साक्ष देईल."

ती उठली. माईक हातात आला, गार आणि जड. साक्षीची सुरुवात ठरलेली असते, तिच्यासाठी काही शोधावं लागत नाही. "प्रभूच्या गोड नावात सर्वांना सलाम," ती म्हणाली, आणि मांडवभर उत्तर उमटलं, "सलाम." ते विरतंय न विरतंय तोच मागून खरखरीत, सावकाश आवाज आला, "वालेकुम सलाम, पोरी."

कुणीतरी प्रेमानं हसलं. मग सगळे शांत झाले.

बाबाजानचाचा खुर्चीत पुढं वाकले होते. एक हात काठीवर, दुसरा कानामागं. दुपारपासून मला वाटत होतं, हे चूक कबूल करायला येतायत. पण कबुली द्यायला आलेला माणूस असा कान देऊन बसत नाही... त्यांना ऐकायचं होतं. घोडेगावच्या बाजारापासून त्या पंख्यापर्यंतचा रस्ता त्यांच्याजवळ नव्हताच. ते त्यावरून चालले होते, आपल्या पायांनी, आपल्या बाजूनं, शेळ्या नीट धरून — आणि ते त्यांनाच माहीत नव्हतं. ते माझ्याकडं होतं. दवाखान्यातल्या त्या सकाळपासून मी ते घेऊन बसले होते.

आणि दिवसभर मी देवाकडं मागत होते. बाही उसवताना, कांदा चिरताना, माणसांना बसा-बसा म्हणताना: माझ्या पोराला सांभाळ, हे माझ्यावर टाकू नको, काहीतरी मार्ग काढ. आता उभी राहून मी पुन्हा मागायला गेले, तर मागणं सापडेना. भीती होती तशीच होती. ती काही कमी झाली नव्हती. तुषारनं मान वर केली होती. तो नको म्हणत होता का सांग म्हणत होता, मला कळेना, आणि त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायचं मी सोडून दिलं. ते त्याच्यावर टाकायचं नव्हतं. सुनीलवरही नाही. एवढ्या माणसांत माझं बोलणं ज्याच्या हक्काचं होतं, असा एकच माणूस तिथं होता, आणि तो कानामागं हात धरून थांबला होता. म्हातारं माणूस, खुब्याचं हाड अजून जुळलेलं नाही, कधीचं वाकून बसलंय. त्यांना आणखी ताटकळत ठेवणं बरं नव्हतं.